मंगळवारची थरथरती मंडळी

किस्से गोळा करायची आमच्याकडे गरजच पडत नाही, ते आपोआप सांडतात! आमच्या ग्रुपमध्ये कपातला चहा तोंडापर्यंत पोचेस्तोवर अर्धा बशीत असतो. किस्स्यांचंही तसंच. मंगळवारी सकाळी दीड तास आम्ही भेटतो आणि घरी जाताना प्रत्येकाच्या पदरात किंवा शर्टावर एखादा तरी सांडलेला असतो. आमचे हे म्हणतात, "लिहून ठेव." लिहायचं कसं? माझं अक्षर इतकं बारीक झालंय की मलाच वाचता येत नाही. म्हणून सांगते. तुम्ही ऐका.

आधी ओळख. मी शैला. सव्वीस वर्षं नगरच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपल्या मनाने हलायला लागला, आणि मग कळलं की पार्किन्सन आहे. केडगावच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी त्यांचा मागचा छोटा हॉल आम्हाला मंगळवारपुरता दिलाय. तिथे आम्ही दहा-बारा जण जमतो, आमचे घरचे लोक येतात आणि तृप्ती नावाची फिजिओथेरपिस्ट आमच्याकडून व्यायाम करून घेते. वयाने माझ्या मुलीएवढी, पण दरारा हेडबाईंचा!

हात थरथरतो, पाय अडकतो, आवाज बारीक होतो, हे सगळ्यांना दिसतं. पण हा आजार मनालाही धरतो, हे आम्हाला सुरुवातीला कोणी सांगितलंच नाही. उगाचच धडधडतं. सकाळी उठावंसं वाटत नाही. आणि मग वाटतं, आपणच नाटकं करतोय. तसं नसतं बरं का! पण ते कळायला आम्हाला बरेच किस्से करावे लागले.

* * *

पहिला मान गायकवाड सरांचा. सर राहुरीच्या शाळेत गणित शिकवायचे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे माणूस मनातून कितीही खूश असला तरी तोंडावर काही उमटत नाही. सरांचा चेहरा तर कायम पेपर तपासत असल्यासारखा.

त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. स्टेजवर फोटोला उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा हसा ना." सर तसेच. "काका, थोडंसं!" तसेच. इकडे नवरदेवाकडच्यांत कुजबूज सुरू झाली, चुलते नाराज दिसतायत, मानपानात काही राहिलं का? व्याही धावत आले आणि त्यांनी सरांना दुसरा फेटा बांधला! तरी चेहरा तोच. मग त्यांनी हात जोडले, "सर, काही चुकलं असेल तर सांगा, पण पोरीच्या लग्नात असं नका करू."

सर शांतपणे म्हणाले, "अहो, मी मघापासून खो-खो हसतोय!"

फोटो अल्बममध्ये आहे. दोन फेटे आणि त्याखाली गणिताचा पेपर.

* * *

आता माझा. पार्किन्सनमध्ये पाय अचानक जमिनीला चिकटतो. विशेषतः दारात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतो नाही. पण गंमत अशी की जमिनीवर रेघ असली तर तोच पाय रेघ ओलांडायला पटकन उचलला जातो. म्हणून तृप्तीने आमच्या हॉलमध्ये रंगीत पट्ट्या चिकटवल्यात.

एका मंगळवारी पुढच्या मोठ्या हॉलमध्ये साखरपुडा होता. आम्हाला तिथूनच आत जायचं होतं. मी दारात आले आणि चिकटले! मागे गायकवाड सर चिकटले. त्यांच्या मागे आणखी दोघं. यजमानांना वाटलं आम्ही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतोय. एक जण येऊन म्हणाला, "या ना, संकोच करू नका." मला घाम फुटला. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. दारात ही मोठी, सहा फुटी रांगोळी!

बस. माझा पाय उचलला. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ, गुडघे वर, परेडसारखी मी पलीकडे! माझ्या मागोमाग तिघंही पार! शपथेवर सांगते, एक ठिपका मोडला नाही. पण नवरीची मावशी किंचाळली, "अहो, रांगोळीवरून काय जाताय? बाजूला एवढी मोकळी जागा आहे!"

सर मागे वळून म्हणाले, "बाजूच्या जागेला रेघा नाहीत हो!"

* * *

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे भानुदास अण्णा आले. आले म्हणजे त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी आणले. अण्णा कर्जतकडचे शेतकरी. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. जत्रेच्या हगाम्यात, म्हणजे गावच्या कुस्त्यांच्या मैदानात, ते माईकवर पुकारायचे. कुठला पैलवान, कोणत्या वस्तादाचा, किती कुस्त्या मारल्या, सगळं तोंडपाठ. तीस वर्षं आसपासच्या गावांत अण्णांशिवाय हगामा नाही!

पार्किन्सनने पहिला घाला घातला तो आवाजावर. कोणीतरी तोंडावर म्हणालं, "अण्णा, ऐकू येईना." त्या दिवसापासून अण्णांनी बोलणंच सोडलं. शेत धाकट्या भावावर टाकून केडगावला मुलाकडे आले आणि भिंतीकडे तोंड करून निजायला लागले. आठ महिने.

पहिल्या दिवशी तृप्तीने विचारलं, "अण्णा, काय त्रास होतो?" अण्णा खाली बघत बसले. उत्तर सोजरबाईंनी दिलं.

"हात हालतो त्याचं मला काय न्हाई ताई. पाय वडत्यात त्याचं बी काय न्हाई. हे बोलत न्हाईत. पोरगं कामाला गेलं की घरात दोन मान्सं, आन मी भिताडाशी बोलते. मला शिव्या दिल्या तरी चालंल, पर बोला म्हनावं."

सोजरबाईंनी पदराने अण्णांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. आम्ही सगळ्यांनी तेव्हाच ठरवलं, अण्णांना बोलतं करायचं! ठरवायला काय, ठरवण्यात आम्ही पटाईत.

* * *

दुसऱ्याला बोलतं करायला निघालेली मी स्वतः कशी होते, ते ऐका.

अण्णा यायच्या चार-पाच महिने आधीची गोष्ट, सकाळचे साडेअकरा. मी बहिणीकडे गेले होते. सहज ह्यांना फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. गोळीच्या डोसची वेळ जवळ आली की मी आधीच घाबरी होते, त्यात हे फोन उचलेनात. पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं, हे पडलेत, डोक्याला खोक पडलीय, पाणी मागतायत! सात फोन केले. मग शेजारच्या जोशींना केला. जोशींनी बेल वाजवली, उत्तर नाही. मी फोनवर ओरडले, "तोडा दार!"

ऑपरेटरचा आवाज हो तो, अजून शिल्लक आहे! जोशी घाबरले, त्यांनी वरच्या मजल्यावरच्यांना बोलावलं, खालच्या किराणावाल्याला बोलावलं, आणि चौघांनी धक्का मारून कडी तोडली. मागून आणखी चार जण बघायला आत.

हे बाथरूममधून बाहेर आले. कमरेला टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस. समोर हॉलमध्ये आठ माणसं.

हे म्हणाले, "या, बसा."

कडी बसवून झाल्यावर संध्याकाळी हे माझ्याजवळ बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "शैला, कडीचं काही नाही गं. पण तुला रोज एवढी भीती वाटते?" मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मानसोपचार डॉक्टरांचा नंबर लावला. मी अट घातली, ग्रुपमध्ये कोणाला कळता कामा नये!

* * *

दवाखाना नगरातल्या एका जुन्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मी ओढणी कपाळापर्यंत ओढून जायचे. पाच महिने सगळं सुरळीत चाललं. सहाव्या महिन्यात रिक्षा लवकर मिळाली आणि मी अर्धा तास आधी पोचले.

बाकावर एक गृहस्थ पूर्ण उघडलेल्या वर्तमानपत्रामागे बसले होते. पण वर्तमानपत्र थरथरत होतं. ती थरथर मी हजारांत ओळखीन!

"गायकवाड सर? तुम्ही?"

पेपर खाली आला. चेहरा नेहमीचाच. "भाच्याला घेऊन आलोय. फार टेन्शन घेतो."

"कुठाय भाचा?"

"गाडी लावतोय. तुम्ही?"

"नणंदेचे रिपोर्ट न्यायला."

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "गायकवाड सर, आत या! आणि शैलाताई, तुमचा नंबर सरांच्या मागे, नेहमीसारखाच!"

पाच महिने आम्ही एकापाठोपाठ एक तिथे येत होतो! एक जिना उतरला की दुसरी चढायची. सर उठले, दोन पावलं गेले, वळले आणि म्हणाले, "नणंदेला नमस्कार सांगा."

मी म्हटलं, "भाच्याला आशीर्वाद!"

बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. सर म्हणाले, "मी बाथरूमचा नळ सोडून रडायचो, शैलाताई. घरच्यांना वाटायचं म्हातारा पाणी वाया घालवतो. डॉक्टर म्हणाले, हातापायांचं ज्या मेंदूमुळे बिघडलंय, त्याच मेंदूतलं हेही आहे, मनाचा दुबळेपणा नाही. गोळी सुरू झाल्यावर दीड महिन्याने मला पुन्हा गणितं सोडवावीशी वाटली." मी माझी कडीची गोष्ट सांगितली. एका ग्लासात दोन स्ट्रॉ घेतले होते, कारण दोन ग्लास म्हणजे दुप्पट सांडणार.

* * *

पुढच्या मंगळवारी तृप्तीने अण्णांच्या सोजरबाईंना समजावलं, की हे नुसतं रुसणं नाही, हे डिप्रेशन आहे, त्याच्यावर औषध आहे, मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. सोजरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी कवाची म्हनतीया. पर हे मान हालवत्यात. येड्यांच्या डाक्टरकडं जायाचं न्हाई म्हंत्यात."

"बोलले तसं?"

"न्हाई वो, पाटीवर लिहून दिलं!"

मी विचार करत होते, काय सांगावं. तेवढ्यात गायकवाड सर उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे.

"अण्णा, मी त्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जातो. मला काही वेड लागलेलं नाही. आणि मी एकटाच जात नाही. या शैलाताईसुद्धा येतात!"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं धरणी दुभंगावी! सहा महिने जपलेलं गुपित या माणसाने दोन वाक्यांत चव्हाट्यावर मांडलं. पण मग मागून एक हात वर झाला, थरथरत. "मी पण जातो." आणखी एक वर झाला. असे चार!

अण्णांनी मान वर केली. सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. आणि ओठ हलले.

"तरीच."

एवढंच! पण आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या हॉलचा आचारी बघायला आला. सोजरबाई माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमाला बोलले हो! तुमाला!" एखाद्याने आपल्याला वेडं म्हटल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. गुरुवारी अण्णा डॉक्टरांकडे गेले.

* * *

औषध लगेच लागू पडत नाही. पहिले काही आठवडे सोजरबाई रोज फोन करायच्या, "काय फरक न्हाई." मी म्हणायचे थांबा. मग एक दिवस म्हणाल्या, "आज च्यात साखर कमी हाय म्हनले." आम्ही पेढे वाटले.

त्याच सुमारास एक पाहुणे आले होते, "भीतीवर मात" या विषयावर बोलायला. कोट, टाय, फाईल. आम्ही सगळे समोर बसलो, दहा-बारा जण, आणि आमच्यापैकी एकाचाही चेहरा हलत नव्हता! पाहुणे बोलायला लागले. विनोद केला. कोणी हसलं नाही. म्हणजे हसलो आम्ही, पण दिसणार कसं? दुसरा विनोद केला, तीच गत. पाहुण्यांना घाम फुटला. आवाज बसला. हातातला कागद फडफडायला लागला.

गायकवाड सर हळूच उठले आणि त्यांच्यापुढे ग्रुपचा सभासद फॉर्म सरकवला!

आणि अण्णा, आमचे अण्णा, बाकावर थोडे बाजूला सरकले, शेजारची जागा हाताने पुसली आणि म्हणाले, "या, बसा हितं. घाबरू नगा. समदी आपलीच मान्सं हायेत."

* * *

आता शेवटचा. चैत्रात अण्णांच्या गावची जत्रा असते. कमिटीने निरोप पाठवला, यंदा हगाम्यात अण्णांचा सत्कार आहे. झालं! घरात बोलायला लागलेले अण्णा पुन्हा भिंतीकडे वळले. सोजरबाईंचा मला फोन आला, "म्हंत्यात, लोकं माजा हात बघतील, लाळ बघतील. परत पैल्यासारखं झालं तर काय करू ताई?" आठ महिन्यांचं ते गप्प राहणं परत आलं असतं, तर त्या बाईने पुन्हा ते कसं काढलं असतं?

आम्ही सगळ्यांनी सांगितलं, अण्णा, तुमच्या एका हाताकडे लोक बघणार असतील तर आम्ही बारा हात घेऊन येतो! एक मिनीबस केली आणि निघालो. गोळ्या, पाणी, टॉवेल, काठ्या. तृप्ती पुढच्या सीटवर.

मैदान भरलेलं. दोन-तीन हजार माणूस, हलगी कडाडतेय, लाल मातीत जोड्या फिरतायत. अण्णांना स्टेजवर नेलं, फेटा बांधला, नारळ दिला. हल्लीचा पुकारणारा अण्णांच्या पाया पडला आणि त्याने अचानक माईक त्यांच्या हातात दिला. हे ठरलेलं नव्हतं! सोजरबाईंनी माझं मनगट इतकं जोरात दाबलं की माझी थरथर थांबली.

अण्णांचा हात हलत होता. माईक हनुवटीवर आपटत होता आणि सगळ्या मैदानावर भोंग्यांतून आवाज घुमत होता, टक टक टक टक. माईकवाले बाबुराव धावत आले. "वायर लूज हाय, थांबा." दुसरा माईक दिला. टक टक टक टक. बाबुरावांनी मशीनच्या पिना काढून परत खोचल्या. टक टक टक टक. लोकांत हसू फुटायला लागलं. मी डोळे मिटले.

आणि भोंग्यातून बारीक, खरखरीत आवाज आला.

"बाबुराव, माईक बरा हाय. लूज मी झालोय."

मैदान हसलं. पण ते हसणं वेगळं होतं.

"मला पार्किन्सन झालाय. हात हालतो. आवाज बसलाय. मन बी बसलं हुतं, त्याचं बी औषध चालू हाय. आता ज्यांना ऐकू येईना, त्यांनी वरडायचं न्हाई. गप बसायचं!"

हलगी थांबली. शेंगदाणेवाले थांबले. दोन-तीन हजार माणूस, आणि माती झटकल्याचा आवाज यावा इतकं शांत! अण्णांनी मानाच्या कुस्तीचे दोन्ही पैलवान पुकारले. गाव, वस्ताद, तालीम, सगळं तोंडपाठ. कुठे थांबले, कुठे धाप लागली, पण एक नाव चुकलं नाही. गायकवाड सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा तसाच, पेपर तपासणारा.

जोडी पुकारून झाली. पंच शिट्टी तोंडात धरून थांबले होते. पण अण्णांनी माईक सोडला नाही. त्यांनी आमच्याकडे हात केला.

"ही कुस्ती लागायच्या आदी अजून एक पैलवान पुकारायचाय. त्या तिथं, हिरव्या लुगड्यात बसल्यात. ह्यो गडी, म्हंजी मी, आठ म्हयने निपचित पडला हुता. ह्या पैलवानानं एकटीनं धरून ठिवला, पाठ टेकू दिली न्हाई. वस्ताद कुनी न्हाई, तालीम आमच्या घरची. पैलवानाचं नाव सोजर भानुदास! वाजवा हलगी!"

हलगी अशी कडाडली की स्टेज हललं! आख्खं मैदान मागे वळून आमच्याकडे बघत होतं, फेटे उडत होते, आमचे बारा हात वर होते. मी सोजरबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडात धरला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आगं बया," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "बेचाळीस वर्सं घरात एकदा नाव घेतलं न्हाई मान्सानं, आन घेतलं ते डायरेक भोंग्यावर!"